चूक झाल्यानंतरचे पहिले मिनिट : लहान मुलांमध्ये वाढीची मानसिकता कशी रुजवावी

दुसरी-तिसरीच्या वयाचे एक मूल ५२ मधून ३८ वजा करते आणि उत्तर २६ लिहिते. अशा वेळी मोठी माणसे बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर उत्तरावर काट मारून शेजारी १४ लिहितात, नाहीतर "लक्ष कुठे आहे तुझे?" असे विचारतात. वास्तविक मुलाचे लक्ष पूर्णपणे उदाहरणातच होते. २ मधून ८ जात नाहीत हे पाहून त्याने ८ मधून २ वजा केले, ५ मधून ३ वजा केले आणि "मोठ्यातून लहान वजा करायचे" हा नियम, जो तोपर्यंतच्या प्रत्येक उदाहरणात बरोबर ठरला होता, इथेही इमानाने पाळला. म्हणजे या चुकीमागे विचार आहे. चूक समोर आल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात त्या विचाराची दखल घेतली गेली, तर मुलाला वाटते की आपली रीत सुधारता येते. घेतली गेली नाही, तर ते हळूहळू स्वतःबद्दल एक निकाल लावून टाकते: मला गणित येत नाही.

ग्रोथ माइंडसेट, म्हणजेच वाढीची मानसिकता, या संकल्पनेचा गाभा या दोन प्रतिक्रियांमधल्या फरकात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून ती मांडली. क्षमता जन्मतः ठरलेली असते आणि ती बदलत नाही, अशी समजूत असलेले मूल प्रत्येक अवघड कामाकडे आपली परीक्षा म्हणून पाहते. सरावाने, योग्य रीतीने आणि इतरांच्या मदतीने क्षमता वाढते असे मानणारे मूल त्याच कामाकडे शिकण्याची जागा म्हणून पाहते. ही कल्पना तशी जुनी आहे. १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी तयार करणारे आल्फ्रेड बिने यांनाही बुद्धी ठरावीक मापाची असते हे मान्य नव्हते. कोणत्या मुलांना जास्तीची मदत हवी आहे हे ओळखण्यासाठी ती चाचणी होती. तिचाच उपयोग पुढे मुलांवर कायमचे शिक्के मारण्यासाठी व्हावा, ही मला शिक्षणाच्या इतिहासातील अतिशय दुःखद गोष्ट वाटते.

सुरुवात कौतुकापासून करावी, कारण तिथे आपण सगळेच नकळत चुकतो. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांनी काही कोडी सोडवल्यावर एका गटाला "तू हुशार असशील" अशा अर्थाची दाद मिळाली, तर दुसऱ्या गटाला "तू खूप मेहनत घेतली असशील" अशी. त्यानंतर सगळ्यांना बरीच अवघड कोडी दिली गेली आणि सगळ्यांनाच अपयश आले. मग पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली, तेव्हा मेहनतीची दाद मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली आणि हुशारीची दाद मिळालेल्यांची खालावली. आपले गुण अनोळखी मुलांना लिहून कळवायला सांगितले असता हुशार ठरवलेल्या दहापैकी जवळजवळ चार मुलांनी ते वाढवून लिहिले. "हुशार" हा शिक्का "ढ" या शिक्क्याइतकाच जड असू शकतो, कारण तो टिकवण्याची जबाबदारी मुलावर येऊन पडते.

म्हणून दाद देताना मुलाने नेमके काय केले, ते सांगावे. "छान" किंवा "शाब्बास" एवढ्यावर न थांबता "जोडाक्षर अडल्यावर तू ते फोडून वाचलेस, म्हणून शब्द लागला" किंवा "पहिली रीत चालली नाही तेव्हा तू चित्र काढून पाहिलेस" असे म्हणावे. अशा वाक्यातून मुलाला पुढच्या वेळी पुन्हा वापरता येईल असे काहीतरी मिळते. ही दाद खरी असली पाहिजे. साध्या चित्राला "अप्रतिम" म्हटलेले मुलांना चटकन कळते.

मात्र "मेहनत कर, जमेल" एवढेच सांगत राहणे म्हणजे वाढीची मानसिकता नव्हे. या गैरसमजाबद्दल ड्वेक यांनी स्वतः २०१५ मध्ये इशारा दिला होता. चुकीची रीत शंभर वेळा गिरवली, तर चूकच पक्की होते, आणि भरपूर कष्ट करूनही न जमल्याने मूल असा अर्थ काढते की आता आपल्यातच काहीतरी कमी आहे. प्रयत्नाला दिशा देणे हे मोठ्यांचे काम आहे.

वजाबाकीच्या उदाहरणाकडे परत येऊ. सर्वप्रथम आवाजात कोणताही आरोप न आणता "हे तू कसे केलेस, मला सांग" असे विचारावे आणि मूल सांगत असताना मध्ये बोलू नये. त्याचा नियम कळला की तो नियम कुठे चालतो आणि कुठे अडतो, हे त्याच्याच हाताने त्याला दिसू द्यावे. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून त्यांतून ३८ काड्या बाजूला काढायला सांगाव्यात. आठ सुट्या काड्या हव्यात आणि आहेत दोनच, हे लक्षात आल्यावर एक गठ्ठा सोडावा लागेल, हे बहुतेक मुले स्वतःच शोधून काढतात. त्या क्षणी घाई करून उत्तर सांगण्याचा मोह मात्र आवरायला हवा. नंतर सोडलेला गठ्ठा आणि कागदावरचा हातचा यांची सांगड घालून द्यावी. शेवटी उत्तराची पडताळणी शिकवावी: २६ आणि ३८ मिळून ६४ होतात, ५२ होत नाहीत, १४ आणि ३८ मिळून मात्र ५२ होतात. ही पडताळणी मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण आपली चूक आपल्यालाच सापडते हे एकदा कळले की लाल शाईची भीती बरीच कमी होते. त्याच दिवशी तशाच प्रकारचे एक नवे उदाहरण आणि दोन-तीन दिवसांनी आणखी एक द्यावे.

"मला येत नाही" असे मूल म्हणाले, तर त्यात "अजून" हा शब्द घालून ते वाक्य त्याला परत द्यावे: "तुला हे अजून येत नाही." मात्र त्यापाठोपाठ "यातले कुठपर्यंत येते, ते बघू" हे वाक्य आलेच पाहिजे. पहिल्या वाक्याने दार उघडते, पण मुलाला आत घेऊन जाते ते दुसरेच वाक्य.

कामाची अवघडपणाची पातळी जपणेही आवश्यक आहे. ज्या मुलाचे सगळे नेहमीच बरोबर येते, त्याला चुकीतून सावरण्याचा सराव कधीच मिळत नाही, आणि पुढे कधीतरी पहिले मोठे अपयश आले की नेमके तेच मूल सर्वांत जास्त कोलमडते. त्याला झटपट काम संपवल्याबद्दल शाबासकी न देता थोडे अडवणारे काम द्यावे. याउलट ज्याचे सगळेच चुकते आहे, त्याचे काम छोट्या पायऱ्यांत तोडावे आणि जिथपर्यंत पाय पक्का आहे, तिथून सुरुवात करावी.

वह्या तपासताना एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवरील अभ्यासात दाखवले, की ज्यांना केवळ कामाविषयी लेखी शेरे मिळाले, त्यांची गोडी आणि कामगिरी वाढली. पण शेऱ्यांसोबत गुणही दिले, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. आकडा दिसला की मुले शेरा वाचत नाहीत, हे शिकवणाऱ्या कोणालाही पटेल. प्रत्येक वेळी गुण टाळणे शक्य नसले, तरी सरावाच्या कामावर फक्त शेरा लिहावा आणि त्यानुसार दुरुस्ती करायला वर्गातच दहा मिनिटे द्यावीत. दुरुस्तीला वेळच दिला नाही, तर सुधारता येते हे सांगणे पोकळ ठरते.

घरी पालकांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे लक्ष द्यावे. कायला हायमोविट्झ आणि ड्वेक यांच्या २०१६ च्या संशोधनात असे आढळले, की बुद्धीबद्दल पालक काय मानतात हे मुलांना फारसे कळत नाही. अपयशाकडे ते कसे पाहतात, हे मात्र नीट कळते. कमी गुणांचा कागद हाती आल्यावर काळजीने गप्प होणारे किंवा "असू दे, प्रत्येकाला सगळे जमत नाही" असे सांत्वन करणारे पालक प्रेमानेच वागत असतात, तरीही मुलापर्यंत निरोप पोहोचतो तो अपयश भयंकर असल्याचा. त्याऐवजी कागद शेजारी बसून पाहावा आणि "यातले कोणते तुला आता सोडवता येईल?" असे विचारावे. "माझेही गणित कच्चेच होते" हे वाक्य मुलासमोर कृपया उच्चारू नये, आणि भावंडांशी तुलना तर मुळीच करू नये.

या सगळ्याकडून अपेक्षा मात्र रास्त ठेवाव्यात. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये झालेल्या विश्लेषणात अशा उपक्रमांचा गुणांवरील सरासरी परिणाम लहानच आढळला. अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरील २०१९ च्या अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना थोडा, पण खरा फायदा झाला, आणि तो विशेषतः जिथे सोबतची मुलेही अवघड कामाला भिडत होती तिथे. भिंतीवर घोषवाक्ये लावून काही होत नाही, असाच याचा अर्थ मी घेतो. शिवाय नियमित मदत मिळूनही वाचनात अक्षरांची अडचण सतत टिकून राहिली, ऐकण्याची किंवा दिसण्याची शंका आली, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अशा मुलाला "मनापासून प्रयत्न कर" असे सांगत राहणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

बदल होतो आहे की नाही, हे गुणांच्या आधी वागण्यात दिसते. खोडरबराने चूक घाईघाईने पुसून टाकणारे मूल ती तशीच ठेवून शेजारी नवी रीत मांडू लागते, वही झाकणारा हात बाजूला होतो, आणि "बरोबर आहे का?" या प्रश्नाच्या जागी "मी इथे अडलो आहे" असे वाक्य येते. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मुलाबद्दल अशी एक-दोन निरीक्षणे तारीख घालून लिहून ठेवावीत, आणि ज्याच्याबद्दल लिहिण्यासारखे काहीच सापडत नाही, त्याच्या शेजारी दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी जाऊन बसावे.