माला-एन, माला-डी: गोळी चुकली तर काय करायचं

माला-एन आणि माला-डी या गर्भ राहू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या, दोन्हींत औषध एकच. माला-एन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पाकिटात 28 गोळ्या. त्यातल्या 21 पांढऱ्या गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिग्रॅ आणि इथिनाइल एस्ट्राडायोल 0.03 मिग्रॅ ही दोन हार्मोन असतात. उरलेल्या 7 गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या, त्यांत हार्मोन नाही.

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत पहिली पांढरी गोळी घ्या. मग रोज एक, ठरल्या वेळी. रात्री जेवून घेतली तर मळमळ कमी होते. लोहाच्या गोळ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट, अंगावरून जात असलं तरी.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. पाळी थांबू दे, मग सुरू करू, असं म्हणत दोन-तीन दिवस जातात. हार्मोनशिवायच्या 7 दिवसांत अंडाशय जागं व्हायला लागलेलं असतं. हे दिवस वाढले की बीज सुटू शकतं, आणि दिवस राहतात. म्हणून पांढऱ्या गोळ्या संपत आल्या की पुढचं पाकीट आणून ठेवाच.

एक पांढरी गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्या, त्या दिवशीची नेहमीच्या वेळी. एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली घ्या, आधीच्या सोडून द्या, पुढे रोजच्यासारख्या चालू ठेवा आणि 7 दिवस निरोध वापरा. त्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर लोहाच्या गोळ्या वगळून थेट नवं पाकीट उघडा. पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि संबंध आला असेल, तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीसाठी लगेच डॉक्टरांना विचारा. लोहाची गोळी चुकली तर काळजी नाही.

टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळीवर भिस्त ठेवू नका.

वय 35 च्या पुढे आणि धूम्रपान, बीपी 140/90 किंवा जास्त, डोळ्यांपुढे झगमगाट होऊन उठणारी अर्धशिशी, पूर्वी शिरेत झालेली रक्ताची गाठ: यातलं काहीही असेल तर ही गोळी नकोच. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असाल तर पहिले सहा महिने दुसरा उपाय निवडा. गोळ्या चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठा.

गोळ्यांवर दरमहा येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे, त्यामुळे पाळी कायमची गेली का, हे त्यावरून कळत नाही. पन्नाशीला ही गोळी बंद करून डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरं साधन घ्या. अंगातून वाफा येतात म्हणून दिली जाणारी हार्मोनची गोळी वेगळी असते. ती गर्भ रोखत नाही.