आधी फेलफुटी काढा, मग फवारा

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला १२-१५ दिवस झाले, चार-पाच पानं आली, घड दिसू लागला आणि आभाळ भरून आलं असेल, तर आज एकच काम: फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या जादा फुटी, काढणं. दिवाळीला मजूर पेठ-सुरगाण्याकडे घरी जातात. ‘ते आले की काढू’ म्हणता म्हणता आठवडा जातो आणि तेवढ्यात डाऊनी हा बुरशीचा रोग घडात शिरतो. निफाड-दिंडोरीत असे प्लॉट मी दरवर्षी पाहतो. औषध भारीतलं मारलेलं असतं, पण फुटींच्या दाटीत ते पोचलेलंच नसतं.

जरा पान उलटून बघा. वरची बाजू मेणचट, पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. तिथून बुरशीला वाट नाही. श्वासाची रंध्रं जवळपास सगळी खालच्या बाजूला. प्रत्येक रंध्राला दोन पेशींची झडप. पानाखाली ओल राहिली की डाऊनीचे बीजाणू त्या पाण्यात पोहत रंध्र गाठतात आणि आत घुसतात. कोवळ्या घडालाही अशीच रंध्रं असतात. फुलोऱ्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांत मण्यावरची रंध्रं बुजतात, मग मणी पुष्कळ सुरक्षित होतो. घडाचा देठ मात्र नाही. तेवढे दिवस वेल कोरडी राहिली पाहिजे, आणि ती कोरडी राहते वारा खेळला तरच.

संशय आला तर पिवळसर तेलकट डागाचं पान ओल्या कागदात गुंडाळून रात्रभर पिशवीत ठेवा. सकाळी डागाखाली पांढरी लव दिसली तर तो डाऊनीच.

पावसाआधी मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २ ग्रॅम. डाग दिसल्यावर मॅन्डीप्रोपॅमिड २३.४ टक्के, लिटरला ०.८ मिली. निर्यातीची बाग असेल तर पुण्याजवळ मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची चालू यादी पाहूनच औषध घ्या. नोझल पानाखालून वर. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून दुकानदार हजार-दीड हजाराची बाटली हातात ठेवेल. आत काय आहे ते लेबलवर नसेल तर परत करा. तेवढ्यात दोन बायांची हजेरी निघते.

बाकीची कामं:
– युरिया बंद. नत्र जास्त झालं की पान लुसलुशीत राहतं
– ठिबक सकाळी, संध्याकाळी नाही
– फुटी तारेला बांधणे
– काढलेल्या फेलफुटी बागेबाहेर नेऊन पुरणे
– तण काढणे

किती फुटी ठेवायच्या? माझा ठोकताळा असा: दुपारी बारा वाजता मांडवाखाली उभं राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले तर ठीक. गर्द सावली असेल तर अजून काढा.

मजूर दोनच मिळाले तर सखल भागातल्या आणि बांधाच्या झाडांच्या सावलीतल्या ओळी आधी घ्या. तिथलं दव सगळ्यात उशिरा सुकतं, आणि पहिला डाग मला तिथेच सापडत आलाय.