क्षाराच्या द्रावणाची मोलॅरिटी कशी काढावी

एक लिटर द्रावणात क्षाराचे जितके मोल, तितकी त्याची मोलॅरिटी. ग्रॅममधल्या वजनाला मोलर वस्तुमानाने, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाने भागा, आलेल्या मोलना लिटरमधल्या आकारमानाने भागा. साध्या मिठाचे मोलर वस्तुमान 58.44. 1.461 ग्रॅम मीठ म्हणजे 0.025 मोल; ते 250 मिलिलिटर द्रावणात असेल तर 0.1 मोलर. मिलिलिटरचे लिटर करायचे राहिले तर उत्तर हजारपट चुकते आणि लगेच डोळ्यांत भरते, त्यामुळे त्याची फारशी धास्ती नको.

धास्ती आहे ती न दिसणाऱ्या चुकांची. पहिली आकारमानाची. व्याख्येत ‘द्रावण’ आहे, ‘पाणी’ नव्हे. ‘इतका क्षार घ्या आणि त्यात 250 मिलिलिटर पाणी ओता’ असे सांगणारी वही मिटून ठेवा. विरळ द्रावणात ही चूक खपून जाते, दाट द्रावणात नाही. पणजीहून रायबंदरला जाताना लागतात त्या मिठागरांत खारे पाणी आटत आटत मीठ धरू लागते, तशा संपृक्त, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही अशा अवस्थेचे गणित शुद्ध मिठावर करून पाहा. 25 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते, म्हणजे 0.616 मोल. आकारमान 100 मिलिलिटर धरले तर 6.16 मोलर येते. पण द्रावणाचे वजन 136 ग्रॅम आणि घनता सुमारे 1.2, म्हणजे आकारमान 113 मिलिलिटरच्या आसपास. खरी मोलॅरिटी 5.4. तेरा-चौदा टक्क्यांची चूक, तीही सूत्र तोंडपाठ असताना!

म्हणून क्षार आधी बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवा, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (मानेवर ठरावीक आकारमानाची खूण असलेल्या चंबूत) ओता, बीकर तीनदा विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घाला. द्रावण खोलीच्या तापमानाला आले की मगच खुणेपर्यंत भरा. खूण ओलांडली तर वरचे काढून टाकून काही साधत नाही, पहिल्यापासून करा.

दुसरी चूक स्फटिकजलाची, म्हणजे क्षाराच्या स्फटिकात बांधलेल्या पाण्याची, आणि सगळ्यांत जास्त द्रावणे तीच बिघडवते. परमँगनेटच्या अनुमापनासाठी (ठाऊक मोलॅरिटीच्या द्रावणावरून दुसऱ्याची मोलॅरिटी काढण्यासाठी) लागणारे मोहर क्षार, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट घ्या. पाण्याचे सहा रेणू धरून त्याचे मोलर वस्तुमान 392, ते सोडले तर 284. 250 मिलिलिटर 0.05 मोलर द्रावणाला 4.90 ग्रॅम लागतात. 284 धरून 3.55 ग्रॅम घेतलेत तर द्रावण 0.036 मोलरचे होते. मग अनुमापनाची वाचने कितीही जुळोत, उत्तर चुकीचेच. मॅग्नेशियम सल्फेटमध्ये तर 246.5 आणि 120.4, दुपटीहून जास्त फरक. सूत्र आठवणीतून लिहू नका, डब्यावरचे वाचा. सूत्रामागच्या टिंबापुढे पाण्याचे रेणू असतात. मोलर वस्तुमानही बहुधा तिथेच छापलेले असते.

मोहर क्षार विरघळवताना पाण्यात आधी विरल सल्फ्युरिक आम्ल हवे. नाहीतर लोहाचे जलविघटन आणि ऑक्सिडीकरण होऊन द्रावण पिवळसर, गढूळ होते.

आता दमटपणा. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही पाणी ओढते, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ती बहुतेक दिवस त्याहून जास्त असते. मिठागरातले मीठ त्याआधीच पाझरते, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असते. ते मीठ वजन करून प्रमाण द्रावणासाठी, म्हणजे नेमक्या मोलॅरिटीच्या द्रावणासाठी वापरू नये. प्रयोगशाळेतले सोडियम क्लोराइड 110 अंशांना दोन तास तापवा आणि डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून वजन करा. गरम भांडे वजनकाट्यावर ठेवले तर वर जाणाऱ्या हवेमुळे वजन कमी दिसते.

‘क्षार नेहमी तापवून घ्यावा’ हा मात्र अर्धवट सल्ला. स्फटिकजलाच्या क्षारांना तो लावलात तर काही पाणी उडते, काही राहते आणि धरायला कोणतेच मोलर वस्तुमान उरत नाही. त्यांचा डबा घट्ट बंद ठेवा, वजन झटपट करा.

आयनांची मोलॅरिटी विचारली असेल तर सूत्रातला आकडा गुणा: 0.1 मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्लोराइड 0.2 मोलर. विरल करताना आधीची मोलॅरिटी गुणिले आधीचे आकारमान बरोबर नंतरचे गुणिले नंतरचे, एवढेच. इथेही नंतरचे आकारमान म्हणजे सगळे द्रावण, वरून घातलेले पाणी नव्हे.