मोठी फाइल अपलोड होत नाही? आधी या चुका टाळा

वरूड-मोर्शीकडे गारपीट झाली की संत्राबागांचे फोटो, व्हिडिओ शेतकरी कंपनीच्या वेब ॲपवर चढवायची घाई सुरू होते. फोटो जातात, ४० एमबीचा व्हिडिओ अडकतो आणि खापर फुटतं डेटाबेसवर. बहुतेक वेळा फाइल तिथवर पोचलेलीच नसते.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी एरर आणि लॉग (सर्व्हरने ठेवलेली नोंदवही) वाचा. ४१३ हा एरर कोड दिसला तर वेब सर्व्हरनेच फाइल नाकारली. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मूळ मर्यादा फक्त १ एमबी असते, ती 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' या सेटिंगने वाढते. त्यापुढे पीएचपी, म्हणजे ॲपचा कोड चालवणारी भाषा: तिथे मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मला ८ एमबी. बरेच जण पहिली मर्यादा वाढवतात, दुसरी विसरतात. मग फॉर्म रिकामाच पोचतो आणि चूक कोडमध्ये शोधली जाते.

सगळ्यात घातक चूक मायएसक्यूएल या डेटाबेसमधली. फाइल साठवायच्या साध्या 'ब्लॉब' कॉलममध्ये जेमतेम ६४ केबी मावतात. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर उरलेला भाग कापला जातो, तरी नोंद झालेली दिसते. 'लाँगब्लॉब' हा मोठा प्रकार घेतला तरी 'मॅक्स_अलाउड_पॅकेट', म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा, आडवं येतं, ८.० आवृत्तीत ते मुळात ६४ एमबी आहे. माझं मत स्पष्ट आहे: व्हिडिओ डिस्कवर किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइलींसाठीच्या वेगळ्या साठ्यात) ठेवा, डेटाबेसात फक्त फाइलचा पत्ता, आकार आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासायचा, तिच्यावरूनच काढलेला आकडा). बॅकअपही हलका राहतो.

आता नेटवर्क. अपलोडचा वेग १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट, मेगाबाइट नव्हे) असेल तर ४० एमबीला पाच मिनिटांहून जास्त लागतात. तेवढ्यात रेंज गेली आणि ६० सेकंद एकही बाइट आला नाही, तर एनजिनएक्स जोडणी तोडतं. नुसता टाइमआउट वाढवून भागत नाही, कारण तुटलेलं अपलोड पुन्हा शून्यापासूनच सुरू होतं. फाइलचे एक-दोन एमबीचे तुकडे करा आणि जिथे थांबलं तिथून पुढे जाऊ द्या. त्यासाठी 'टस' (tus) हा खुला प्रोटोकॉल, म्हणजे कुणालाही वापरता येणारी ठरलेली पद्धत, आहे. चाचणी नागपुरातल्या ऑफिसच्या फायबरवर नको, बांधावरच्या मोबाइल डेटावर घ्या.

आणि सर्व्हरवरचा चेकसम जुळल्याशिवाय 'जमा झालं' असं दाखवू नका. तो संदेश पाहूनच शेतकरी फोनमध्ये जागा करायला मूळ व्हिडिओ डिलीट करतो.