वंशावळीच्या दोन प्रती ताडून पाहताना

आमच्या घराण्याच्या वंशावळीची एक प्रत अमळनेरला काकांच्या संगणकावर वाढली आणि दुसरी पुण्यात चुलतभावाच्या लॅपटॉपवर. दोघांनी मूळ फाईल एकाच पेनड्राइव्हवरून घेतली होती. पुढे मात्र प्रत्येकाने आपल्या माहितीप्रमाणे नोंदी घातल्या. अशा वेळी ताज्या तारखेची फाईल ठेवून दुसरी पुसून टाकावी असे वाटते. तसे करू नये, कारण शेवटची दुरुस्ती कधी झाली एवढेच फाईलची तारीख सांगते. ती बरोबर होती की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

प्रथम दोन्ही प्रती जशाच्या तशा बाजूला ठेवाव्यात आणि पुढचे सारे काम त्यांच्या नकलांवर करावे. त्यानंतर या दोन्ही जिच्यातून निघाल्या, ती जुनी प्रत शोधावी. तिच्यासाठी एक संध्याकाळ गेली तरी हरकत नाही, कारण पुण्याच्या प्रतीत असलेली एखादी आत्या अमळनेरच्या प्रतीत दिसत नसेल, तर ती एकीकडे नव्याने लिहिली गेली की दुसरीकडे चुकून पुसली गेली, याचा निवाडा जुन्या प्रतीशिवाय होत नाही.

तिन्ही प्रती ग्रॅम्प्ससारख्या वंशावळीच्या एकाच मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून तेथूनच जेडकॉम स्वरूपात बाहेर काढाव्यात. जेडकॉम ही साधी मजकुराची फाईल असते. प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक आणि त्याखाली नाव, जन्म, मृत्यू अशा ओळी असतात. त्यामुळे विनमर्ज किंवा मेल्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये तिन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या की बदललेल्या ओळी रंगीत दिसतात. एखादी प्रत मध्ये दुसऱ्या प्रोग्रॅममधून फिरून आली असेल, तर व्यक्तींचे क्रमांक आणि क्रम बदलतात व काहीही न बदलता सगळी फाईल रंगून निघते. तसे झाल्यास व्यक्तींची यादी एक्सेलमध्ये घेऊन आडनाव, नाव आणि जन्मवर्ष यांप्रमाणे लावावी व मग ताडून पाहावी.

लिपीकडेही लक्ष द्यावे. जेडकॉमच्या 1999 सालच्या 5.5.1 आवृत्तीत यूटीएफ-8 ही सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवणारी पद्धत आली आणि 2021 च्या 7.0 आवृत्तीत तीच सक्तीची झाली. त्याआधीच्या अँसेल पद्धतीत देवनागरीला जागाच नव्हती, म्हणून त्या पद्धतीने काढलेल्या फाईलमधली मराठी नावे टिकत नाहीत. शिवाय ‘बऱ्हाटे’ हे आडनाव टंकताना ऱ्ह दोन-तीन तऱ्हांनी उमटवता येतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, संगणकाला मात्र ती वेगळी आडनावे वाटतात. असे फरक आधी शोधा-आणि-बदला वापरून एकसारखे करून घ्यावेत.

खरे काम यापुढे आहे. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, म्हणून नामदेव दगडू आणि दगडू नामदेव पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येत राहतात; केवळ नाव जुळले म्हणून दोन नोंदी एकत्र केल्या, तर आजोबा आणि नातू एकच माणूस होऊन बसतात. बायको, आई आणि गाव यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय नोंदी जोडू नयेत. स्त्रियांच्या बाबतीत याच्या उलट घडते. माहेरची गोदावरी सासरी रुक्मिणी झाली की एका प्रतीत ती लेक म्हणून आणि दुसरीत सून म्हणून राहते, आणि एकाच बाईची दोन माणसे होतात. तिची दोन्ही नावे एकाच नोंदीत ठेवावीत. माहेरचे नाव गळू देऊ नये, कारण तिच्या भावांकडची सारी शाखा त्याच नावाने जोडलेली असते.

तारखांमध्ये 1 जून दिसली की थांबावे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अनेकांची जन्मतारीख 1 जूनच लिहिली आहे, म्हणून एका प्रतीत ‘1 जून 1948’ आणि दुसरीत ‘1947, दिवाळीनंतर’ असे असेल, तर दुसरी नोंद मोघम असूनही अधिक खरी असण्याचा संभव आहे. गावांच्या बाबतीतही असाच फसवा फरक दिसतो. खानदेश जिल्ह्याचे 1906 साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांनाच पुढे जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली आणि 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तेव्हा शहाद्यापुढे एका प्रतीत पश्चिम खानदेश, दुसरीत धुळे आणि एखाद्या नोंदीत नंदुरबार लिहिलेले असले, तरी गाव एकच असते. जिल्हा त्या जन्माच्या किंवा मृत्यूच्या वेळचा लिहावा आणि आजचा टिपणात द्यावा.

जे फरक एवढ्यानेही सुटत नाहीत, त्यांच्यासाठी कागद पाहावेत. वारसांची नावे फेरफार नोंदीत सापडतात, गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात मिळतात आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीत पूर्वजांची पिढीवार नावे असतात. कागद मिळाला नाही तर दोन्ही माहिती ठेवावी आणि कोणती कोणी सांगितली हे लिहून ठेवावे. आमचे असे उरलेले फरक आम्ही कागदावर छापून, प्रत्येकापुढे रिकामी ओळ सोडून, कानबाईच्या रोटांच्या सणाला गावी नेले. भाऊबंद तेव्हा एकत्र असतात. थोरल्या जिजींनी ऐकूनच तीन नावे दुरुस्त केली, आणि ती आता त्यांच्या नावाने व त्या दिवसाच्या तारखेने नोंदवलेली आहेत.