इंग्रजीतली विशेषनामं आणि कॅपिटल अक्षरं: मुलांना कसं शिकवावं

देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल असा भेद नाही. त्यामुळे मराठीतून लिहायला शिकलेल्या मुलाला एखाद्याचं नाव आणि साधा शब्द वेगळ्या पद्धतीने लिहायचे असतात, हे इंग्रजीच्या वहीतच पहिल्यांदा कळतं. 'विशेषनामाचं पहिलं अक्षर कॅपिटल' एवढं एकच वाक्य त्याला सांगितलं जातं आणि दुसऱ्या दिवशी 'डॉग', 'टेबल', 'स्कूल' सगळेच कॅपिटलने सुरू झालेले दिसतात. नियम पाठ असतो, पण विशेषनाम कोणतं ते ओळखता येत नसतं. म्हणून आधी ओळखायला शिकवा, तेही मराठीतून आणि तोंडी. लिहिणं नंतर.

दोन्ही एबीसीडी न पाहता लिहिता येऊ लागल्या की सुरुवात करायला हरकत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पहिल्याच इयत्तेत, म्हणजे ५ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी, माणसांची व ठिकाणांची नावं, वार आणि 'आय' हे सर्वनाम येतं. अमेरिकेतल्या २०१० च्या कॉमन कोअर निकषांत पहिलीला माणसांची नावं आणि तारखा, दुसरीला सण, भौगोलिक नावं व उत्पादनांची नावं, तर तिसरीला शीर्षकं आहेत. इंग्रजी उशिरा सुरू झालेल्या मुलासाठी वय पुढे सरकेल, पण माणसांपासून सुरुवात आणि शीर्षकं सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडू नका.

पायरी १: आधी अक्षरं तपासा

पुष्कळदा चूक नियमाची नसतेच, ती हाताची असते. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि झेड या सात अक्षरांचं कॅपिटल आणि स्मॉल रूप जवळजवळ सारखंच दिसतं, फरक फक्त आकाराचा. मुलाने 'सारा' लिहिताना एस कॅपिटल काढलाय असं त्याला वाटतं, तुम्हाला तो स्मॉल दिसतो. यावर चार रेघी वही हाच उपाय. कॅपिटल अक्षर वरून पहिल्या रेघेपासून तिसऱ्या रेघेपर्यंत, तर ही सात अक्षरं स्मॉल असतील तर फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मध्ये. सातही जोड्या शेजारी शेजारी एकदा लिहून घ्या.

दुसरी खूण म्हणजे शब्दाच्या मधेच आलेला कॅपिटल बी किंवा डी. 'रॅबिट'मधला बी कॅपिटल दिसला तर ते मूल विशेषनामात चुकत नसतं. स्मॉल बी आणि डी यांचं पोट कोणत्या बाजूला, याचा गोंधळ होतो म्हणून ते सुरक्षित वाटणारं कॅपिटल निवडतं. तो गोंधळ वेगळा सोडवावा लागतो. तो राहिला तर पुढचा सराव वाया जातो.

पायरी २: तोंडी ओळख

'विशेषनाम म्हणजे एकमेव गोष्टीचं नाव' ही व्याख्या मुलांना देऊ नका. वर्गात दोन सारा असल्या की ती तिथेच कोसळते. रविवार दर आठवड्याला येतो, मग तो एकमेव कसा, हा प्रश्नही रास्तच आहे. त्यापेक्षा विचारा: हे त्या जातीच्या सगळ्यांना लागू पडणारं नाव आहे, की त्यातल्या एकाला वेगळं ओळखता यावं म्हणून ठेवलेलं? 'नदी' कुठल्याही नदीला म्हणता येतं, 'नाईल' म्हणता येत नाही.

'कोणती नदी?' असा प्रश्नही चांगला चालतो, पण त्याला मर्यादा आहे. 'कोणती नदी?' याला मूल 'मोठी' असंही उत्तर देईल, आणि 'कोणता प्राणी?' याला 'कुत्रा'. दुसऱ्या उत्तरावर लगेच पुढचा प्रश्न टाका: 'त्या कुत्र्याचं नाव काय?' कुत्रा हाही प्रकारच आहे, 'टायगर' हे नाव, हे इथे त्याच्या ध्यानात येतं. (आणि 'टायगर' या शब्दाचा अर्थ वाघ असला तरी कुत्र्याला ठेवल्यावर तो कॅपिटल होतो. मुलांना ही गंमत फार आवडते.)

पायरी ३: चिठ्ठ्या

२४ चिठ्ठ्या करा: १२ सामान्यनामं आणि त्यांच्याच जोडीची १२ विशेषनामं. गर्ल–सारा, सिटी–पॅरिस, कंट्री–जपान, माउंटन–एव्हरेस्ट, डे–मंडे, मंथ–जून अशा. सगळे शब्द स्मॉल अक्षरांत लिहा. इथेच बरेच जण घोटाळा करतात. चिठ्ठीवर आधीच कॅपिटल असलं की मूल अर्थ न बघता अक्षराचा आकार बघून वर्गवारी करतं आणि सगळं बरोबर येतं, पण शिकत काहीच नाही. जोड्या लावून झाल्या की प्रत्येक विशेषनामाचं पहिलं अक्षर मुलानेच रंगीत पेन्सिलीने कॅपिटल करायचं.

एका बैठकीला १० ते १५ मिनिटं पुरेत. पहिल्या दिवशी सहाच जोड्या घ्या.

पायरी ४: वाक्याच्या मधोमध

वाक्याचं पहिलं अक्षरही कॅपिटलच असतं, त्यामुळे 'सारा इज माय फ्रेंड' हे सरावाचं वाक्य निरुपयोगी. एस कोणत्या नियमाने कॅपिटल झाला हे कळायला मार्ग नाही. सुरुवातीची सगळी वाक्यं अशी घ्या की नाव मधे किंवा शेवटी येईल: 'वुई मेट सारा इन पॅरिस ऑन संडे.' पहिला शब्द तुम्हीच कॅपिटलने लिहून द्या, बाकी सगळं स्मॉल. मग मुलाला एकच काम उरतं: तीन जागा शोधायच्या. किती शोधायच्या हा आकडा सुरुवातीला सांगा. जमायला लागलं की सांगणं बंद करा आणि मधूनमधून एकही विशेषनाम नसलेलं वाक्य घाला. त्या वाक्यातही कुठेतरी कॅपिटल करून ठेवलं, तर मूल अंदाजावर चाललंय असं समजा. सुटलेल्या कॅपिटलपेक्षा जादा कॅपिटलकडे जास्त लक्ष द्यावं. सुटलेलं बहुतेकदा घाईचं असतं, जादा आलेलं न समजल्याचं.

'आय' हे सर्वनाम इथे मिसळू नका. ते विशेषनाम नाही, तरी एकटं उभं असलं की कॅपिटल, एवढंच सांगून सोडा.

पायरी ५: फसवे शब्द

वार आणि महिने कॅपिटल, पण समर, विंटर हे ऋतू स्मॉल. का, याला तर्कशुद्ध उत्तर नाही, ही इंग्रजीची रूढी आहे, आणि मुलाला तसंच सांगावं. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये वार-महिनेही स्मॉलच लिहितात, तर जर्मनमध्ये झाडून सगळी नामं कॅपिटलने सुरू होतात.

विषयांच्या नावांत मॅथ्स आणि सायन्स स्मॉल, इंग्लिश आणि मराठी कॅपिटल, कारण त्या भाषा आहेत. भाषा, देश आणि देशावरून बनलेली विशेषणंसुद्धा ('जपान'वरून 'जॅपनीज') कॅपिटलच.

'मॉम' आणि 'डॅड' इथे हमखास गाडी अडते. आधी माय, हिज, हर किंवा युअर असेल तर स्मॉल: 'माय मॉम'. तसं काही नसून नावासारखं वापरलं असेल तर कॅपिटल: 'आय आस्क्ड मॉम'. त्या जागी खरं नाव घालून बघा, ही युक्ती इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना चालते. मराठी मुलाच्या कानाला 'माझी सारा' अजिबात खटकत नाही, म्हणून त्याला आधीचा शब्द बघायला शिकवणंच बरं. डॉक्टरचंही असंच: 'द डॉक्टर' स्मॉल, 'डॉक्टर सारा' दोन्ही कॅपिटल.

दिशा दाखवायची असेल तर नॉर्थ स्मॉल, 'नॉर्थ कोरिया'त कॅपिटल. अनेक शब्दांच्या नावात महत्त्वाचे शब्द कॅपिटल, मधला 'ऑफ' स्मॉल: स्टॅच्यू ऑफ लिबर्टी. 'नाईल रिव्हर'मध्ये रिव्हरचा आर कॅपिटल होतो, नुसत्या 'द रिव्हर'मध्ये नाही. मूल 'आयफोन'चा पहिला आय स्मॉल का, असं विचारेल. कंपनीने नाव तसंच ठेवलंय, इतकं उत्तर पुरतं.

हे सगळं एका आठवड्यात कोंबू नका. एका वेळी एकच गट घ्या आणि तो मुलाच्या स्वतःच्या लिखाणात दिसू लागला की पुढचा.

पायरी ६: आपलं आपण तपासणं

मुद्रितशोधक वापरतात त्याच खुणा मुलांना द्या. कॅपिटल हवं त्या अक्षराखाली तीन छोट्या रेघा, स्मॉल हवं त्या अक्षरावर एक तिरकी रेघ. खोडाखोड होत नाही आणि मोठ्यांचं काम केल्याचा रुबाबही मिळतो. तपासताना दोन फेऱ्या वेगळ्या करायला लावा: पहिलीत फक्त वाक्याची सुरुवात, दुसरीत फक्त नावं. दुसरी फेरी शेवटच्या वाक्यापासून वर जात करावी. गोष्टीचा ओघ तुटतो, त्यामुळे नजर शब्दावर थांबते.

तुम्ही वही बघताना प्रत्येक चूक दुरुस्त करू नका. ओळीच्या समासात 'इथे २' एवढंच लिहा, शोधायचं काम मुलाचं. आणि टॅबवर किंवा फोनवर सराव घेणार असाल तर कीबोर्डच्या सेटिंगमधलं आपोआप कॅपिटल करणं आणि आपोआप दुरुस्ती, दोन्ही बंद करा. नाहीतर वाक्याची सुरुवात, वार आणि 'आय' यंत्रच सुधारून टाकतं आणि वहीत परत तेच सगळं स्मॉल येतं.