फायटरचा करार पाळावा का, आणि पाळता येईल असा करार कसा करावा

ऑनलाइन फाइट मॅनेजमेंटच्या खेळात मॅनेजर संगणकातील फायटर सांभाळतो आणि त्याचे डावपेच ठरवतो, तर लढती भरवणाऱ्या संघटना दुसरे खेळाडू चालवतात. या खेळात नव्याने उतरलेल्या मॅनेजरसमोर पहिल्या काही महिन्यांतच एक पेच उभा राहतो. आपल्या फायटरचा एका संघटनेशी चार लढतींचा करार झालेला असतो, त्यातील तीन लढती बाकी असतात, आणि अशा वेळी दुसरी मोठी संघटना दुप्पट-अडीचपट मानधन देऊ करते. अशा अनेक खेळांत करार मोडण्याची सोय असते. कुठे थोडा दंड भरावा लागतो, तर कुठे एक बटण दाबले की फायटर मोकळा होतो. पहिला करार मोडावा का, या प्रश्नाला माझे उत्तर 'मोडू नये' असे आहे. मात्र एवढे सांगून नव्या मॅनेजरचे काम भागत नाही, कारण मोडलेले बहुतेक करार मुळात सही करतानाच चुकलेले असतात.

करार मोडण्याच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो: फायटर म्हणजे संगणकातील आकडे, त्याला ना घर ना पोट, मग त्याच्या नावाने दिलेल्या शब्दाला कसले मोल? या युक्तिवादात शब्द कोणाला दिला हेच विसरले जाते. संघटना चालवणारा मालक हा हाडामांसाचा माणूस असतो. दहा लढतींचा एक कार्यक्रम उभा करायचा म्हणजे वीस फायटर, त्यांचे पंधरा-सोळा मॅनेजर, प्रत्येकाचा वजनगट, प्रत्येकाची दुखापत आणि प्रत्येकाचा होकार जुळवणे आले. मुख्य लढतीतील एक नाव गळले की उरलेल्या जोड्यांनाही धक्का बसतो. प्रत्यक्षातील उदाहरण पाहायचे तर सप्टेंबर २०२२ मध्ये लास व्हेगास येथे झालेला, यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या मोठ्या संघटनेचा यूएफसी २७९ हा कार्यक्रम पाहावा. मुख्य लढतीतील फायटर खमझात चिमाएव याचे वजन मर्यादेपेक्षा साडेसात पौंड जास्त भरले आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तीन लढतींच्या जोड्या नव्याने लावाव्या लागल्या. तेथे हे काम करायला पगारी माणसे होती. आपल्या खेळातील मालक तेच काम रात्री जेवणे आटोपल्यावर, एकट्याने आणि विनामूल्य करत असतो.

पुण्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट कुस्तीवरून लगेच कळावी. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम ही नावे ज्या शहरात आदराने घेतली जातात, तेथे पैलवानाची जोड वस्तादाच्या शब्दावर ठरते हे सांगावे लागत नाही. गावच्या यात्रेत मैदान भरवणारी कमिटी पत्रकावर शेवटच्या कुस्तीची दोन नावे छापते, आणि लोक ती कुस्ती पाहायला उन्हातान्हात फडाभोवती बसून राहतात. त्या दोघांतील एक जण दुसऱ्या गावी जास्त इनाम आहे म्हणून निघून गेला, तर बोल वस्तादाला लागतो. या खेळात मॅनेजर म्हणजे तो वस्ताद होय.

मी स्वतः एकदा हा शब्द मोडलेला आहे, आणि मार्गदर्शन करणाऱ्याने ते लपवू नये असे मला वाटते. वेल्टरवेट गटातील माझा एक फायटर सलग पाच लढती जिंकला होता आणि एका लहान संघटनेशी त्याच्या दोन लढती बाकी होत्या. दुसरीकडून मोठा आकडा आला आणि मी दंड भरून त्याला बाहेर काढले. तीन दिवसांनी होणाऱ्या कार्यक्रमाची मुख्य लढत त्याचीच होती. ती संघटना चालवणारा मुलगा सिंहगड रस्त्यावर राहणारा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा होता, हे मला नंतर कळले. त्याने मला एकच ओळ लिहिली: "दादा, आधी सांगितलं असतं तर मी तारीख पुढे ढकलली असती." दंडाची रक्कम मी भरली होती, परंतु त्याचे जे नुकसान झाले होते त्याचा त्या दंडाशी काही संबंध नव्हता. तेव्हापासून मी करारांकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो.

सही करण्यापूर्वी

पहिला विचार लढतींच्या संख्येचा करावा. नवा फायटर वेगाने सुधारतो, आणि आज त्याला मिळणारे मानधन दोन विजयांनंतर अपुरे वाटणार हे आधीच ठाऊक असते. अशा फायटरचा चार किंवा सहा लढतींचा करार करणे म्हणजे पुढच्या मोहाची तरतूद करून ठेवणे होय. त्याच्यासाठी दोन लढतींचा करार योग्य ठरतो. मालक चार लढतींवर अडून बसला, तर प्रत्येक विजयानंतर मानधन वाढावे अशी मागणी करावी. खेळाच्या रचनेत तशी सोय नसेल, तर दोन लढतींनंतर आकडा नव्याने ठरवण्याचे संदेशातून लेखी कबूल करून घ्यावे. उलट पस्तिशीकडे झुकलेल्या फायटरला लांब करार चांगला, कारण पडत्या काळात त्याला नवा मालक शोधणे अवघड जाते.

दुसरा विचार काळाचा, आणि नवे मॅनेजर तो बहुधा करतच नाहीत. चार लढती हा आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही. संघटना दर तीन आठवड्यांनी कार्यक्रम घेत असेल आणि आपला फायटर प्रत्येक कार्यक्रमात उतरणार असेल, तर करार बारा आठवड्यांत संपतो. तीच संघटना दीड महिन्यातून एकदा कार्यक्रम घेत असेल आणि आपल्या वजनगटात तिच्याकडे तीनच फायटर असतील, तर त्याच कराराला सहा महिने सहज लागतात. म्हणून सही करण्याआधी संघटनेचे मागील पाच-सहा कार्यक्रम उघडून त्यांच्या तारखा पाहाव्यात, आपल्या वजनगटात किती जोड्या लागल्या ते मोजावे, आणि मालकाला सरळ विचारावे की माझ्या फायटरला पहिली लढत केव्हा मिळेल. ज्या मालकाला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्याशी एका लढतीपेक्षा मोठा करार करू नये.

तिसरी गोष्ट जेतेपदाची. काही संघटना अशी अट घालतात की फायटर विजेता झाला तर करार आपोआप वाढेल. प्रत्यक्षातील मोठ्या संघटनांमध्येही अशी कलमे आढळतात, त्यामुळे अट गैर आहे असे मी म्हणणार नाही. परंतु वाढ किती लढतींची किंवा किती महिन्यांची, हे आकड्यात लिहिलेले असावे.

करार संपल्यावरही पुढच्या देकारावर संघटनेचाच पहिला हक्क राहील, अशी तिची मागणी मात्र साफ नाकारावी. एडी अल्वारेझ या फायटरचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. बेलॅटर या संघटनेशी त्याचा करार २०१२ मध्ये संपत आला, यूएफसीने त्याला देकार दिला, आणि बेलॅटरने बरोबरीचा देकार देण्याच्या हक्कावर बोट ठेवले. प्रकरण न्यायालयात गेले. तडजोड होऊन तो पुन्हा लढला तो २ नोव्हेंबर २०१३ रोजी. आधीची लढत ऑक्टोबर २०१२ मधील, म्हणजे ऐन उमेदीचे वर्षभर वाया गेले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचे व्यवस्थापन पाहणारी कंपनी पर्सेप्ट डी'मार्क यांच्या वादात असाच प्रश्न तपासला होता. करार संपल्यानंतरही खेळाडूला बांधून ठेवणारे कलम भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार टिकत नाही, असा निर्णय तेव्हा दिला गेला. खेळातील नाण्यांसाठी कोणी शिवाजीनगरच्या न्यायालयात जाणार नाही, हे उघड आहे. तरीही मुदतीच्या आत शब्द पूर्ण पाळावा आणि मुदत संपल्यावर माणूस पूर्ण मोकळा असावा, ही त्या कायद्यामागची समज आपल्या खेळालाही तंतोतंत लागू पडते.

मोठा देकार आला तर

सर्वप्रथम शांतपणे हिशेब मांडावा. समजा, सध्याच्या करारात प्रत्येक लढतीला २,००० आणि जिंकल्यास आणखी २,००० मिळतात, तर नवी संघटना ५,००० अधिक ५,००० देऊ करते आहे. तीन लढती बाकी आहेत. जिंकण्याची शक्यता दोन्हीकडे निम्मी धरली, तर एका लढतीमागे सरासरी ३,००० विरुद्ध ७,५०० असा फरक पडतो, म्हणजे तीन लढतींत १३,५०० चे नुकसान दिसते. परंतु मोठ्या संघटनेत समोरचा फायटरही तगडा असतो, हे या हिशेबात धरलेले नाही. लहान संघटनेत आपला फायटर दहापैकी सात वेळा जिंकेल आणि मोठ्या संघटनेत तीनच वेळा, असे धरले तर आकडे ३,४०० आणि ६,५०० असे होतात, आणि तीन लढतींमधील फरक ९,३०० वर येतो. शिवाय कमकुवत प्रतिस्पर्ध्यांशी लढून त्याची विजयांची मालिका वाढत असेल, तर नऊ आठवड्यांनंतर तोच देकार आणखी वरच्या आकड्याने येण्याचीही शक्यता असते. करार मोडण्याने जेवढे मिळेल असे पहिल्या रात्री वाटते, तेवढे क्वचितच मिळते.

त्यानंतर नव्या संघटनेच्या मालकाला स्पष्ट उत्तर द्यावे. "माझ्या फायटरच्या तीन लढती बाकी आहेत. त्या साधारण नऊ आठवड्यांत पूर्ण होतील, तोपर्यंत आपण थांबू शकाल का?" एवढे लिहिले तरी पुरते. जो मालक यावर "करार मोडून ये, दंड मी भरतो" असे म्हणतो, तो उद्या आपल्या संघटनेतील मॅनेजरांशी कसा वागेल याचा अंदाज तेथेच येतो. माझ्या अनुभवात चांगले मालक थांबतात, आणि थांबायला लावणाऱ्या मॅनेजरला लक्षात ठेवतात.

करार पूर्ण करून बाहेर पडण्याला कमीपणा समजू नये. वर उल्लेख केलेल्या यूएफसी २७९ मध्येच नेट डियाझ आपल्या करारातील शेवटची लढत लढला. आदल्या दिवशी प्रतिस्पर्धी बदलूनही तो उतरला, चौथ्या फेरीत टोनी फर्ग्युसनला त्याने गळपकडीने शरण आणले आणि तो मोकळा झाला. यूएफसीचा हेवीवेट विजेता फ्रान्सिस एन्गानू याने जेतेपद हाती असतानाही नवा करार नाकारला, आधीच्या कराराची मुदत संपू दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तो मुक्त झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो टायसन फ्युरीशी बॉक्सिंगची लढत खेळला.

खरोखरच बाहेर पडायचे असेल तर

असे प्रसंग येतात. अशा वेळी बटण दाबण्याआधी मालकाची संमती मागावी. दोन्ही पक्षांनी मिळून करार बदलला किंवा रद्द केला, तर जुना करार पाळण्याचे बंधन उरत नाही, हे करार कायद्याच्या कलम ६२ मध्येही सांगितलेले आहे. आणि संमतीने सुटणे व पळून जाणे यांतील फरक कोणालाही कळतो. विनंती अशी असावी: "नमस्कार दादा. आपल्याशी असलेल्या करारात माझ्या फायटरच्या दोन लढती बाकी आहेत. मला दुसरीकडून मोठा देकार आला आहे. आपण जाहीर केलेली पुढची लढत तो लढेलच. त्यानंतरच्या एका लढतीतून आपण त्याला मोकळे करू शकाल का? त्या बदल्यात त्याच गटातील माझा दुसरा फायटर याच मानधनावर दोन लढती लढेल." यात जाहीर झालेली लढत सोडण्याची भाषा नाही, आणि मालकाच्या रिकाम्या होणाऱ्या जागेचा विचार आहे. मालकाने नकार दिला तर तो मान्य करावा आणि लढती पूर्ण कराव्यात. त्या लढतींत मुद्दाम ढिले डावपेच लावून हरणे हा करार मोडण्याचाच एक प्रकार आहे, आणि मला तो उघड मोडण्यापेक्षाही वाईट वाटतो, कारण त्यात समोरच्या मॅनेजरचा विजयही नासतो.

करार न पाळणे योग्य ठरते असा प्रसंग माझ्या मते एकच: मालकाने आपली बाजू सोडलेली असणे. तो आठवडेच्या आठवडे लॉगिन करत नाही, लढत देत नाही, किंवा ठरलेल्या वजनगटाबाहेर अत्यंत विषम जोड लावतो. परस्परांवर अवलंबून असलेल्या वचनांत समोरचा आपले वचन पाळायला तयार नसेल, तर आपल्यावरही बंधन राहत नाही. तरीही दोन संदेश पाठवावेत, त्यांच्यामध्ये निदान एक आठवडा जाऊ द्यावा, आणि मगच बाहेर पडावे. त्या मालकाच्या घरी काही अडचण असू शकते, परीक्षा असू शकते.

संघटना चालवणाऱ्यांसाठी येथे थोडेच लिहितो. सलग दोनदा हरलेल्या फायटरला उरलेल्या लढती न देता सोडून देणारा मालक हाही करार मोडणाराच असतो. मॅनेजरांकडून निष्ठा हवी असेल, तर हरणाऱ्यालाही ठरलेल्या लढती द्याव्यात.

राहिला प्रश्न मॅनेजरने स्वतः खेळ सोडण्याचा. सत्र परीक्षा आल्या, हिंजवडीत नवी नोकरी लागली, घरात लग्न निघाले, की पुण्यातले अनेक मॅनेजर एका रात्रीत नाहीसे होतात आणि त्यांचे फायटर डावपेचांविना फडात उतरतात. जायचे ठरले की त्याच दिवशी सर्व चालू करारांची यादी काढावी, प्रत्येक मालकाला तारीख कळवावी, आणि जी लढत जाहीर झालेली आहे तिचे डावपेच भरून, जतन करून मगच शेवटचे लॉगआउट करावे.